कारिंदेर्यात पहिल्यांदा जेवताना

मनिलात उतरलेला नवखा माणूस पहिले काही दिवस मॉलमध्येच जेवतो. तिथे एसी असतो, मेनूकार्ड असतं, फोटोवर बोट ठेवलं की काम होतं. पण त्या शहरातले कारकून, ट्रायसिकलवाले (म्हणजे मोटरसायकलला जोडलेल्या रिक्षांचे चालक), नर्सेस, बांधकामावरचे मजूर आणि कॉलेजची मुलं दुपारी जेवतात ती जागा वेगळी. एखाद्या घराची पुढची खोली किंवा फुटपाथलगतची पत्र्याची शेड, दहा-बारा पातेली ओळीने मांडलेली, पलीकडे ओगराळं घेऊन उभी असलेली एक बाई, अलीकडे चार प्लास्टिकची टेबलं. हीच कारिंदेर्या. बोट दाखवून पदार्थ मागायचा असल्यामुळे तिला तुरो-तुरो असंही म्हणतात.

जून २०२५पासून पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसाशिवाय फिलिपिन्समध्ये राहता येतं. दक्षिणेकडच्या दवाओ शहरात डॉक्टरकी शिकायला जाणारी आपल्याकडची मुलं तर आधीपासूनच आहेत. या दोघांनाही कारिंदेर्या माहीत असलेली बरी, कारण तिथलं जेवण स्वस्त असतं, घरी शिजवल्यासारखं असतं आणि देश काय खातो ते तिथे एका नजरेत दिसतं. अडचण एकच: पातेल्यात काय आहे ते त्याच्या नावावरून कळत नाही. भोपळ्याच्या भाजीत कोळंबी असते, मुगात डुकराचं मांस असतं, कारल्यात अंडं असतं. म्हणून या लेखात पदार्थांची नावं कमी आणि विचारायचे प्रश्न जास्त आहेत.

वेळ सांभाळा

कारिंदेर्यात स्वयंपाक दिवसातून एकदा होतो, फार तर दोनदा. पहाटे बाजार, सकाळी शिजवणं आणि साडेदहा-अकरापर्यंत सगळी पातेली काउंटरवर. साडेअकराच्या सुमारास गेलात तर निवड भरपूर आणि गर्दी बेताची. बारा वाजले की आसपासची ऑफिसं सुटतात. मग रांग लागते आणि वाढणाऱ्या बाईला तुमच्या प्रश्नांसाठी वेळ नसतो. दीड-दोनपर्यंत चांगली पातेली तळाला लागलेली असतात. तेव्हा तुम्ही काही मागितलंत आणि ‘उबोस ना’ ऐकू आलं, तर ते संपलंय असं समजा.

सकाळचा कारभार वेगळा असतो. लसूण घालून परतलेला भात, वर तळलेलं अंडं आणि सोबत काहीतरी तळलेलं, असा नाश्ता मिळतो. त्याला सिलोग म्हणतात आणि सोबत काय आहे त्यावरून पुढचं नाव ठरतं. तापसिलोगमध्ये बहुतेक ठिकाणी गोमांस, तोसिलोग आणि लोंगसिलोगमध्ये बहुधा डुकराचं मांस, बांगसिलोगमध्ये बांगुस नावाचा मासा. मासे खाणाऱ्या मराठी माणसाने बांगसिलोगपासून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त काटे काढलेला मासा आहे ना एवढं बघावं. बांगुसला बारीक काटे इतके असतात की कोकणातल्या माणसालाही जेवण लांबवावं लागेल.

होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आणि शुक्रवारी, या भरवशावर राहू नका. त्या दोन दिवसांत बरीच छोटी दुकानं बंद असतात आणि माणसं गावी गेलेली असतात.

दुकान कोणतं निवडावं

गर्दी बघावी हे खरं, पण कोणाची गर्दी हेही बघावं. जीपनी (जीपसारख्या छोट्या बस) आणि ट्रायसिकलचे चालक जिथे थांबतात तिथे भाव कमी आणि वाढ भरपूर. ऑफिसच्या ओळखपत्रांच्या दोऱ्या गळ्यात असलेली माणसं जिथे दिसतात तिथे पदार्थ जास्त प्रकारचे असतात. मकातीच्या ऑफिसांच्या भागात फुटपाथवर ‘जॉलीजीप’ नावाच्या पत्र्याच्या टपऱ्या आहेत. आसपासच्या उंच इमारतींतले कर्मचारी तिथूनच डबा बांधून नेतात किंवा उभ्या उभ्या जेवतात. पहिल्या वेळेला ही जागा सोपी पडते, कारण तिथे इंग्रजी सगळ्यांना येतं आणि परदेशी माणसाकडे कोणी वळून बघत नाही.

स्वच्छतेसाठी माझी कसोटी साधी आहे. पातेल्यांवर झाकण किंवा काच आहे का? वाढायचं ओगराळं प्रत्येक पातेल्यात वेगळं आहे का? चमचे-काटे गरम पाण्याच्या भांड्यात उभे ठेवलेत का? काउंटरवर छोट्या मोटरला प्लास्टिकच्या पट्ट्या लावून गरगर फिरवत ठेवलेल्या दिसल्या तर हसू नका, त्या माशा हाकलण्यासाठी असतात. खानावळीला सॅनिटरी परमिट आणि तिथल्या कामगारांना आरोग्य प्रमाणपत्र असलंच पाहिजे, असं तिथला १९७५चा स्वच्छतेचा कायदा सांगतो. नीट चालणाऱ्या दुकानात हे कागद भिंतीवर लावलेले दिसतात. ताटलीला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून त्यात जेवण वाढलं तर तेही सवयीचंच आहे. पाणी वाचतं आणि ताटली विसळावी लागत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने ते वाईटच, पण पोटाच्या दृष्टीने नवख्याला सोयीचं.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून जा. पदार्थ वाफाळते नसतील. सकाळी शिजवलेलं दुपारी कोमटच खायचं, अशी तिथली रीत आहे. भात आणि रस्सा तेवढा गरम मिळतो. कोमट नकोच असेल तर ‘पाकी-इनित पो’ म्हणा. गर्दी नसेल तर बाई छोट्या कढईत गरम करून देते. पावसाळ्यात किंवा कडक उन्हाळ्यात, दुपारी दोननंतर, नारळाच्या दुधातले पदार्थ मी टाळायला सांगेन. ते लवकर उतरतात.

काउंटरपाशी

काउंटरपाशी गेलात की ‘पाबिली पो’ म्हणा. ‘मला काही घ्यायचंय’ असा त्याचा भाव. बाई साधारण तुमच्या वयाची किंवा थोडी मोठी असेल तर ‘आते’, म्हणजे ताई. पुरुष असेल तर ‘कुया’, म्हणजे दादा. वयस्कर असतील तर ‘नानाय’ आणि ‘ताताय’. वाक्याच्या शेवटी ‘पो’ लावला की आदर आला. हा एक छोटा शब्द विसरू नका, त्याने समोरच्याचा चेहराच बदलतो. इंग्रजी मनिलात जवळपास सगळ्यांना कळतं, पण ‘मिस’ किंवा ‘हॅलो’ म्हणून हाक मारणारा गिऱ्हाईक आणि ‘आते’ म्हणणारा गिऱ्हाईक यांच्या ताटात फरक पडतो, असं माझं मत आहे. त्याला पुरावा नाही.

मग पातेली बघा. काही ठिकाणी ती काचेमागे असतात, काही ठिकाणी झाकणं घालून बाहेरच. बाहेर असतील तर गिऱ्हाईक स्वतः झाकण उचलून बघतात. ते उद्धटपणाचं नाही, त्यासाठीच ती मांडलेली असतात. फक्त झाकण पुन्हा नीट ठेवा आणि पातेल्यावर वाकून वास घेऊ नका. ‘आनो पो इतो?’ म्हणजे हे काय आहे. ‘इतो पो’ म्हणजे हे द्या. पदार्थाकडे बोट दाखवायला काहीच हरकत नाही, माणसाकडे मात्र दाखवू नये. तिथली माणसं ओठ पुढे काढून दिशा दाखवतात. ‘टेबल कुठे?’ असं विचारल्यावर बाईने नुसते ओठ काढले तर ती चिडलेली नाही, तिने तुम्हाला टेबल दाखवलंय.

भातासोबत खायच्या पदार्थाला उलाम म्हणतात, शिजलेल्या भाताला कानिन. उलाम ‘ओर्डर’ने मोजतात. एक ओर्डर म्हणजे छोटी बशी. पहिल्यांदा चाखूनच बघायचं असेल तर ‘कालाहाती’ मागा, अर्धी ओर्डर. सगळीकडे देत नाहीत, पण विचारलं म्हणून कोणी रागावत नाही. भात वाटीने मोजून, वाटी ताटलीत उपडी करून देतात. ‘वन राइस’, ‘हाफ राइस’, ‘एक्स्ट्रा राइस’ हे शब्द सगळ्यांनाच कळतात. आपल्या मानाने ती वाटी लहान वाटते, पण उलाम खारट आणि आंबट असल्यामुळे भात जास्त लागतो. एक घेऊन बसा आणि लागला तर दुसरा मागा. हवा तेवढा भात मिळण्याची ‘अनलिमिटेड’ सोय मुख्यतः भाजलेल्या कोंबडीच्या साखळी रेस्टॉरंटांत असते. कारिंदेर्यात ती गृहीत धरू नका.

शेवटी विचारतात, इथे खाणार की बांधून? ‘दितो पो’ म्हणजे इथेच. बांधून हवं असेल तर ‘टेकआउट पो’. रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत ओतून, हवा भरून, अशी गच्च गाठ मारतात की घरी ती सोडवत बसण्यापेक्षा कात्री घ्यावी.

आत काय आहे?

इथेच मराठी माणूस गोंधळतो, कारण भाज्या सगळ्या ओळखीच्या असतात. आंपालाया म्हणजे कारलं, तालोंग म्हणजे वांगं, कालाबासा म्हणजे लाल भोपळा, लांगका म्हणजे फणस, माळुंगाय म्हणजे शेवग्याचा पाला, कांगकोंग म्हणजे नाळीची भाजी, गाबी म्हणजे अळू, मोंगगो म्हणजे मूग. सितावच्या हातभर लांब शेंगा आपल्या चवळीच्या शेंगांच्या कुळातल्या. कामियास म्हणजे गोव्याकडची बिंबलं. काउंटरवर हे सगळं दिसलं की जीव भांड्यात पडतो. तो तिथे फार वेळ ठेवू नका.

फिलिपिनो स्वयंपाकात ‘भाजी’ हा शाकाहाराचा वर्ग नाही. ‘गुलाय’ म्हणजे ज्यात भाजी जास्त आहे असा पदार्थ, त्यात मांस नाहीच असा त्याचा अर्थ होत नाही. लसूण-कांदा परतताना त्यात डुकराच्या मांसाचे चार तुकडे किंवा मूठभर कोळंबी टाकणं, ही तिथली फोडणीच आहे. पिनाकबेतमध्ये भोपळा, कारलं, भेंडी आणि वांगं असतं आणि चव असते ती बागोओंगची. बागोओंग म्हणजे मिठात आंबवलेला जवळा किंवा बारीक मासळी. लाइंगमध्ये अळूची पानं नारळाच्या दुधात आटेपर्यंत शिजवतात. कोकणातल्या माणसाला ती हमखास आवडते, पण तीतही बागोओंग, सुकी मासळी किंवा मांस असतंच. चोपसुई आणि पान्सित, म्हणजे भाज्या आणि शेवया, यांत कोंबडीचं किंवा डुकराचं मांस आणि काही ठिकाणी कलेजी असते.

म्हणून हे शब्द पाठ करा. बाबोय म्हणजे डुकराचं मांस. बाका म्हणजे गोमांस. मानोक म्हणजे कोंबडी. इस्दा मासा, हिपोन कोळंबी, इतलोग अंडं, दुगो रक्त. ‘माय बाबोय पो बा?’ म्हणजे यात डुकराचं मांस आहे का? उत्तर ‘मेरोन’ किंवा ‘माय’ आलं तर आहे, ‘वाला’ आलं तर नाही. नुसतं ‘मांस आहे का?’ असं विचारून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी कोळंबी, सुकी मासळी आणि माशाचं पाणी हे मांसात मोजायचंच नसतं. एकेक जिन्नसाचं नाव घेऊन विचारा. आणि ‘वाला’ ऐकल्यावरही तेल, ओगराळं आणि मसाल्याची चौकोनी वडी यांचा हिशेब धरा. ती वडी कुठल्या मांसाची आहे हे बाईलाही लगेच आठवणार नाही.

डुकराचं मांस चालतं अशांसाठी मैदान मोकळं आहे. आदोबोमध्ये मांस व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी आणि तमालपत्रात शिजतं. दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं, त्यामुळे कालचं असलं तरी घ्यावं. बिकोल एक्स्प्रेस नारळाच्या दुधात मिरच्या घालून करतात आणि मनिलाच्या काउंटरवरचा खरोखर तिखट पदार्थ बहुधा तोच. बाकीचं जेवण आपल्या जिभेला फिकं लागेल. काळपट तपकिरी दाट रस्सा दिसला तर विचारूनच घ्या, तो दिनुगुआन असू शकतो. त्यात डुकराचं मांस आणि आतडी त्याच्याच रक्तात शिजवलेली असतात. तिथे आवडीने खातात, पण नकळत ताटात आलेलं बरं नव्हे. बोपिसमध्ये फुप्फुस आणि हृदय बारीक चिरून परतलेलं असतं आणि दिसायला ते अगदी खिम्यासारखंच. सिसिगमध्ये डुकराच्या डोक्याचं मांस आणि कान असतात. आज तो तव्यावर चरचरत देतात ती पद्धत पाम्पांगा प्रांतातल्या आंगेलेस शहरात रुळली आणि तिथल्या लुसिया कुनानान यांच्या नावाशी ती जोडली जाते.

गोमांस टाळणाऱ्यांनी बुलालो, पारेस आणि कारे-कारे या तीन नावांकडे लक्ष ठेवावं. त्यातला कारे-कारे शेंगदाण्याच्या दाट रश्शात असतो, त्यामुळे आपल्याला जवळचा वाटतो, पण आत बैलाची शेपटी आणि आतडी असतात. त्याच्याशी एक भारतीय धागाही जोडतात. ब्रिटिशांनी १७६२मध्ये मनिला घेतलं आणि १७६४मध्ये सोडलं. त्यांच्या सैन्यात मद्रासचे शिपाई होते. त्यातले काही परत न जाता मनिलाजवळच्या काइंतात राहिले आणि त्यांच्या रश्शातून कारे-कारे आला, अशी कथा सांगतात. शिपाई तिथे राहिले हे पक्कं आहे, रश्शाबद्दल मात्र मतं अनेक आहेत.

डुकराचं मांस अजिबात नको असेल तर मनिलात सरळ कियापोला जा. तिथल्या सोनेरी घुमटाच्या मशिदीभोवती दक्षिणेतल्या मिंदानाओ बेटाकडच्या मुस्लिम कुटुंबांच्या हलाल खानावळी आहेत. पद्धत तीच, बोट दाखवायचं. पण पातेल्यात डुक्कर नाही आणि मसाला जास्त आहे. पालापा नावाचा ठेचा मागून घ्या. पातीचा कांदा, आलं, मिरची आणि खोबरं यांचा तो ठेचा आपल्या जिभेला लगेच ओळख देतो. गोमांस तिथेही भरपूर असतं, एवढं लक्षात ठेवा.

पहिलं ताट

सगळं एकदम चाखायच्या फंदात पडू नका. एक रश्शाचं, एक कोरडं, एक भात, एवढं पुष्कळ झालं.

रश्शासाठी मी तिनोला सुचवेन. कोंबडी, आलं, कच्ची पपई आणि शेवग्याचा किंवा मिरचीचा पाला. प्रवासाने बिघडलेल्या पोटाला याच्याइतकं सोसणारं दुसरं काही नाही. आंबट आवडत असेल तर सिनिगांग. चिंच, बिंबलं किंवा तसलंच काहीतरी आंबट घालून उकळलेला पातळ रस्सा, त्यात मुळा, नाळीची भाजी, वांगं आणि कोळंबी, मासा किंवा डुक्कर यांपैकी एक. कोळंबीचा सिनिगांग मिळाला तर सोडू नका. सोबत तळलेला मासा घ्या. तिलापिया सगळीकडे असतो, गालुंगगोंग नावाचा लहान समुद्री मासा त्याहून चविष्ट. तोर्तांग तालोंग दिसलं तर तेही चांगलं: आख्खं वांगं भाजून, सोलून, चपटं करून, अंड्यात बुडवून तळलेलं. त्यात खिमा भरतात कधी कधी, तेवढं विचारून घ्या.

शुक्रवारी गेलात तर काउंटरवर मुगाचं पातेलं हमखास असतं. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस टाळायची जुनी रीत होती, तिच्यामुळे हा वार मुगाचा झाला. रीत सैल झाली, मूग राहिले, आणि आता त्यावर डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा घालतात. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतल्या शुक्रवारी मात्र बिनमांसाचे मूग मिळायची शक्यता जास्त असते. तेव्हाही सुकट किंवा धुरावलेला मासा आहे का ते विचारावंच.

टेबलावर

जेवायला चमचा आणि काटा मिळतो, सुरी नाही. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमच्याच्या कडेने मांस तोडायचं. हाताने जेवलात तरी कोणी नावं ठेवणार नाही. त्याला कामायान म्हणतात आणि तळलेला मासा तसाच खाल्ला जातो. फक्त हात धुवायची सोय कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

टेबलावर तीन-चार बाटल्या असतात आणि त्या शोभेच्या नाहीत. तोयो म्हणजे सोया सॉस, सुका म्हणजे व्हिनेगर, पातिस म्हणजे आंबवलेल्या माशाचं खारं पाणी. सोबत कालामान्सी, बोटाच्या पेराएवढी लिंबं, आणि सिलिंग लाबुयो, चिमुकल्या जहाल मिरच्या. आते स्वयंपाक मुद्दाम बेताचा करते आणि शेवटची चव खाणाऱ्याने स्वतः लावायची असते. जेवण अळणी लागलं म्हणून तक्रार करण्याआधी एका लहान बशीत हे मिसळा. तळलेल्या माशाला व्हिनेगर, लसूण आणि ठेचलेली मिरची. सिनिगांगमधल्या मासळीला पातिस आणि मिरची. भाजलेल्या कशालाही सोया सॉसमध्ये पिळलेली कालामान्सी. या मिश्रणाला सावसावान म्हणतात आणि ते स्वतः बनवायला लागलात की मराठी जिभेची निम्मी तक्रार मिटते.

कोरडा पदार्थ घेतला असेल तर साधा रस्सा बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतो. ‘पाहिंगी पो नांग साबाव’ म्हणा. लहान वाटीत गरम पाणीदार रस्सा येतो. तो बहुधा हाडं उकळून केलेला असतो, तेव्हा न खाणाऱ्यांनी मागू नये.

पाण्याचा जग टेबलावर असतो. नवख्याने पहिल्या आठवड्यात बाटलीचंच पाणी प्यावं आणि बर्फ कुठला आहे याची खात्री नसेल तर तोही टाळावा. नेहमीची माणसं त्या जगमधलं पाणी पितात, ते बघून फसू नका.

जेवत असलेल्या एखाद्या अनोळखी माणसाने तुमच्याकडे बघून ‘काइन पो’ म्हटलं तर त्याने ताट पुढे केलेलं नसतं. आपल्याकडे दारात बसून जेवणारा येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो, तसंच ते. हसून ‘सिगे पो, सालामात’ म्हणावं आणि आपल्या जागी जावं. तुम्ही जेवत असताना कोणी शेजारी येऊन बसलं तर तुम्हीही ‘काइन पो’ म्हणा. टेबल दुसऱ्याबरोबर वाटून बसणं रोजचंच आहे. जेवण झाल्यावर रेंगाळू नका, बाराच्या गर्दीत मागे ताटली घेऊन कोणीतरी उभं असतं.

पैसे

काही दुकानांत पदार्थ घेतानाच पैसे द्यायचे, काहींत उठताना. आधीचा गिऱ्हाईक काय करतो ते बघा, नाहीतर ‘बायाद पो?’ म्हणून पाकीट दाखवा. उठताना द्यायचे असतील तर ‘मग्कानो पो?’ विचारलं की आते तुमच्या ताटातल्या गोष्टी तोंडीच मोजते. तिचा हिशेब सहसा चुकत नाही, आपण मात्र काय काय घेतलं ते लक्षात ठेवावं.

मनिलात एक भाजी, एक मासा आणि भात यांना साधारण दीडशे पेसो पुरतात, व्यापारी भागात थोडे जास्त. एक पेसो म्हणजे ढोबळमानाने दीड रुपया. हजाराची नोट घेऊन जाऊ नका, सकाळी तर मुळीच नाही. पन्नास-शंभरच्या नोटा आणि नाणी ठेवा. नव्या नाण्यांत एक, पाच आणि दहा ही तिन्ही चंदेरी, घाईत सारखीच दिसतात. पाचचं नाणं नऊ कोनांचं आहे आणि वीसचं दुरंगी, एवढ्या खुणा पुरतात. भिंतीवर क्यूआर कोड दिसेल, पण तो तिथल्या मोबाइल वॉलेटचा असतो. काही दिवसांसाठी आलेल्या माणसाने रोखीवरच भर द्यावा. टीप अपेक्षित नसते. घासाघीस करायची नसते.

शाकाहारी असाल तर

स्पष्टच सांगतो: पूर्ण शाकाहारी माणसासाठी कारिंदेर्या ही जेवणाची जागा नाही, सोबत बसण्याची जागा आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर तिथे ताटावर बसूच नये. अंडं चालत असेल तर भात, उकडलेलं किंवा तळलेलं अंडं, साधं तोर्तांग तालोंग आणि कालामान्सी, असं ताट जमतं. अंडंही नको असेल तर तोक्वा, म्हणजे टोफू, नुसता तळलेला मिळतो का विचारा. सोबत वांग्याची किंवा कैरीची कोशिंबीर असेल तर बागोओंग वेगळं ठेवायला सांगा. मिसळलेलं असेल तर सोडून द्या.

पोट भरायला रस्ता जास्त कामी येतो. सकाळी खांद्यावर कावड घेऊन ‘ताहो’ ओरडत जाणारा माणूस दिसला की थांबवा. गरम मऊ टोफूवर गुळासारखा पाक आणि साबुदाणा, एवढंच त्यात असतं. केळी साखरेत तळून काडीला लावलेली बनाना क्यू, तसंच रताळ्याचं कामोते क्यू, आणि तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून पानात गुंडाळलेलं सुमान, हे दुपारच्या मेरिएन्दाच्या, म्हणजे मधल्या खाण्याच्या, वेळी सगळीकडे असतं. तळणीचं तेल कोणतं आहे ते मात्र विचारा.

मनिलाबाहेर

सेबू आणि दवाओ या शहरांत रीत हीच, भाषा वेगळी. तिथे बिसाया चालते. उलामला सुद-आन म्हणतात, भाताला कान-ओन, आणि ‘किती?’ विचारायला ‘तागपिला?’. ‘पो’ तिथे वापरत नाहीत, पण तुम्ही लावलात तर कोणी हसणार नाही. पदार्थांची नावंही फसवतात. सेबूत तिनोला मागितलंत तर कोंबडीऐवजी बहुधा माशाचा स्वच्छ रस्सा येईल. तो ताज्या माशाचा असेल तर मनिलाच्या तिनोलाहून सरस. उतान बिसाया नावाचा भाज्यांचा पातळ रस्सा दवाओतल्या मुलांनी ध्यानात ठेवावा. त्यात शेवग्याचा पाला, भोपळा, भेंडी असते, आणि बऱ्याचदा मासळीही. सकाळी लवकर जाऊन ‘इस्दा नको’ म्हटलं तर वेगळा काढून मिळायची थोडीफार आशा असते, ओळख झाल्यावर जास्त.

सेबूत बऱ्याच ठिकाणी भात वाटीने देत नाहीत. नारळाच्या झावळीच्या विणलेल्या लहान पुड्यात तांदूळ भरून शिजवतात आणि त्या पुड्यांचे घोस काउंटरवर टांगलेले असतात. त्याला पुसो म्हणतात. निखाऱ्यावर भाजलेलं मांस किंवा मासा घेतला की सोबत पातळ प्लास्टिकचा हातमोजा येतो. पुसो उभा चिरून उघडायचा, भात मोज्याच्या हाताने घ्यायचा आणि व्हिनेगरात बुडवून खायचा. भात आत गच्च दाबलेला असतो, तेव्हा आधी दोनच मागा. न उघडलेले पुसो दुकानदार परत घेतो आणि पैसे रिकाम्या झावळ्या मोजून लावतो.